बाटली कुठे आहे?

विषबाधेचा धडा आला की मुलं आधी उताऱ्यांची यादी मागतात. "कुठल्या विषावर काय द्यायचं ते एका पानावर लिहून द्या मॅडम, पाठ करून टाकतो." मी देते लिहून. ॲट्रोपिन, नॅलॉक्सोन, एन-ॲसिटिलसिस्टीन, सापाची लस, मिथेनॉलवर इथेनॉल, आणखी चार-दोन नावं. अर्धा फळासुद्धा भरत नाही. मुलं वाट बघत राहतात, मॅडम आता पुढचं लिहितील म्हणून. पुढचं काही नसतं. मोरीत, गोठ्यात, माळ्यावर, औषधांच्या डब्यात जी शेकडो रसायनं पडलेली असतात, त्यांतल्या बहुतेकांवर उतारा असा नाहीच. तरीही विषबाधा झालेली बरीच माणसं वाचतात, कारण कुणीतरी त्यांचा श्वास चालू ठेवलेला असतो आणि तोवर लिव्हर-किडनी आपलं काम उरकतात.

मी बरीच वर्षं ग्रामीण भागातल्या कॅज्युअल्टीत काढली, आता पॅरामेडिकच्या मुलांना शिकवते. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, त्यामुळे "मग आमचं काम काय?" हा प्रश्न दर वर्षी येतो. विषबाधेच्या धड्यात त्याचं उत्तर सगळ्यात चांगलं देता येतं. विष जिथे घेतलं गेलं त्या घरात, त्या शेतात जो माणूस पोचतो, त्यालाच काय काय दिसतं: पालथी पडलेली बाटली, ओकारीचा रंग, कोपऱ्यात उभी असलेली धाकटी जाऊ, जिला सगळं ठाऊक आहे पण बोलायची सोय नाही. तासाभरानं पेशंट सिव्हिलला पोचतो तेव्हा यातलं काहीही सोबत आलेलं नसतं. तिथल्या डॉक्टरच्या हाती लागतो एक बेशुद्ध देह आणि "काहीतरी खाल्लंय वाटतं" असं म्हणणारा लांबचा पुतण्या.

म्हणून माझा पहिला तास उताऱ्यांवर नसून विचारण्यावर असतो. मुलांना ते फारसं रुचत नाही. त्यांना सुई हातात घ्यायची असते. सुईकडेही येते, आधी तिच्याकडेच जाऊ.

आपल्याकडे सुरुवात फवारणीच्या औषधापासूनच करावी लागते. ऑर्गनोफॉस्फेट, मुलांच्या भाषेत ‘ओपी’. नसेकडून स्नायूकडे किंवा ग्रंथीकडे निरोप नेणारं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन शरीरात असतं, आणि निरोप पोचला की ते नाहीसं करणारं एक एन्झाइम असतं, कोलिनेस्टरेज. ओपी या एन्झाइमलाच जखडून टाकतं. मग निरोप थांबतच नाही. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगभर घाम, उलट्या, जुलाब, कपड्यांत लघवी. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कातडीखाली स्नायू फडफडताना दिसतात. नातेवाईक घाबरतात ते या सगळ्याला. जीव मात्र जातो फुप्फुसांत साठणाऱ्या स्रावानं आणि दमून गेलेल्या श्वासाच्या स्नायूंनी. कोरड्या जमिनीवर, खाटेवर माणूस बुडत असतो.

यावरचा उतारा ॲट्रोपिन. आपल्याकडची त्याची ॲम्प्यूल, म्हणजे काचेची कुपी, ०.६ मिलिग्रॅमची असते. हृदयाचे ठोके मंदावले तर एखाद-दुसरी द्यायची, असं मुलं आधीच्या धड्यात शिकून आलेली असतात. ओपीत सुरुवातच तीन ते पाच ॲम्प्यूलनी होते. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. अजून घरघर असेल तर मात्रा दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. फळ्यावर मी आकडे वाढवत नेते तसा वर्ग गप्प होत जातो. "एवढं दिलं तर हार्ट बंद पडेल ना मॅडम?" पडत नाही. नाडी जोरात पळते, तोंड कोरडं पडतं, जास्तच झालं तर पेशंट बरळतो, चादर ओढतो, हवेतलं काहीतरी पकडू बघतो. ते दिसलं की हात आखडायचा. पण नाडी पळतेय म्हणून घरघरणारी छाती तशीच सोडायची नाही. आणि बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघत बसायचं नाही, त्या मागाहून यथावकाश येतात. छाती स्वच्छ, काख कोरडी, ठोके ऐंशीच्या वर, वरचं ब्लडप्रेशर ऐंशीच्या वर: एवढ्यावर लक्ष.

मग मी त्यांना ॲम्प्यूल फोडायला लावते. डिस्टिल्ड वॉटरच्या, हातमोजे घालून, मोजे साबणाच्या पाण्यानं ओले करून. वीस ॲम्प्यूल ओल्या हातांनी फोडून सिरिंजमध्ये ओढायला किती वेळ लागतो ते एकदा बघितलं की मात्रेचं कोष्टक निराळं दिसायला लागतं. काचेनं बोटं कापतात, दोन ॲम्प्यूल खाली पडतात, कुणीतरी मोजणीच चुकतं. पुढच्या वेळी तीच मुलं आपणहून ठरवतात, एकानं फोडायच्या, एकानं ओढायच्या, तिसऱ्यानं मोठ्यानं मोजायच्या. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं मला सापडलेलं नाही. घशातला स्राव ओढून काढणाऱ्या सक्शन मशीनचंही तेच. ते सकाळी चालू करून बघितलं नसेल तर दुपारी ते चालणार नाही, हा निसर्गनियमच आहे.

गाडीत शिरताना आधी कपडे. औषधात भिजलेला शर्ट अंगावर ठेवून ॲट्रोपिन देत बसणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. सगळे कपडे कापून काढायचे, अंग साबणानं धुवायचं, केस, नखं, बेंबी, कानामागे. चामड्याचा पट्टा, चप्पल, घड्याळाचा पट्टा पुन्हा वापरायला द्यायचा नाही, कारण चामडं औषध शोषून घेतं आणि धुऊन जात नाही. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. आपले साधे लेटेक्सचे मोजे याला पुरत नाहीत, नायट्राइलचे हवेत. इथे मुली एक रास्त प्रश्न विचारतात: गावातल्या बाईचे कपडे चारचौघांत कसे कापायचे? कापायचेच. पण चादर आधी धरायची, घरातल्या एका बाईला आत बोलवायचं, आणि काय करतोय ते पेशंटला सांगत सांगत करायचं, ती बेशुद्ध दिसत असली तरी.

ओपीचं आणखी एक प्रकरण मी मुद्दाम रंगवून सांगते. ॲट्रोपिनबरोबर ‘पाम’ म्हणजे प्रालिडॉक्झिम देतात, जखडलेलं एन्झाइम सोडवण्यासाठी. बारामतीच्या डॉक्टरांनी २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की ते मोठ्या मात्रेत सतत सलाईनमधून दिलं तर मृत्यू कमी होतात, व्हेंटिलेटरही कमी लागतो. बारामती म्हटल्यावर वर्गात दोन-तीन माना ताठ होतात. मग २००९ साली श्रीलंकेतला अभ्यास आला. तिथे पाम दिलेल्यांना काहीच फायदा दिसला नाही. "मग बरोबर कोण?" दोघंही आपापल्या जागी काळजीपूर्वक काम करणारे. औषध कुठलं प्यायलं, किती उशिरा दवाखान्यात आले, किती अत्यवस्थ होते, यावर फरक पडतो. मुलांना हे आवडत नाही. त्यांना परीक्षेत एक गुण देणारं एक उत्तर हवं असतं. मला मात्र हा वाद शिकवायला फार आवडतो, कारण फायदा होतो की नाही यावर आजही भांडण असलेल्या औषधापायी कुणी सक्शन सोडून धावू नये, एवढं त्यातून पक्कं होतं.

आता बाहुल्या. टाचणीएवढ्या बाहुल्या दिसल्या की आमच्याकडची मुलं डोळे मिटून ‘ओपी’ म्हणतात. मुंबईत काम केलेला एखादा ‘गर्द’ म्हणेल. दोघांच्याही बाहुल्या सारख्याच. फरक असा, की फवारणीचं औषध प्यायलेला माणूस ओलाचिंब असतो आणि अफूच्या जातीच्या औषधाखाली असलेला कोरडा, शांत, मिनिटाला चार-पाच श्वास घेणारा. हल्ली तो दर वेळी पुलाखालीच सापडतो असंही नाही. पाठदुखीसाठी लिहून दिलेल्या गोळ्या वाढवत नेलेला मध्यमवर्गीय गृहस्थही असतो, ज्याच्या बायकोला "नशा" हा शब्द ऐकूनच राग येतो. नॅलॉक्सोन दिलं की असा माणूस मिनिटा-दोन मिनिटांत उठून बसतो, हा चमत्कार मुलांनी व्हिडिओत पाहिलेला असतो आणि त्यांना तो करून बघायचा असतो. मी सांगते, आधी अँब्यू बॅग, हातानं दाबून श्वास देतात ती. श्वास द्या, मग सुई शोधा. आणि तो उठून बसावा हे आपलं ध्येय नाही, त्यानं नीट श्वास घ्यावा हे आहे. थोडं थोडं द्यायचं. शिवाय नॅलॉक्सोनचा असर तासाभरात ओसरतो आणि पोटातलं औषध त्याहून चिवट असतं. "बरा झालो, जातो घरी" म्हणणाऱ्याला जाऊ दिलं तर तो घरी जाऊन पुन्हा झोपतो.

आता विचारण्याकडे.

याचा सराव मी नाटक करून घेते. मी सासू होते. डोक्यावरून पदर घेते, दारात बसते. दोन मुलं पॅरामेडिक होतात, एक मुलगी सतरंजीवर सून म्हणून पडते. पहिलं वाक्य बहुतेक वेळा असं येतं: "हिनं विष का घेतलं?" मी म्हणते, "विष कशाला घेईल? चांगलं चाललंय तिचं. चक्कर आलीय." झालं, दार बंद. पुढची दहा मिनिटं ती दोघं माझ्याकडून काहीही काढू शकत नाहीत. कधी कधी एखादा चिडून आवाज चढवतो, मग मी माझ्या धाकट्या लेकाला हाक मारते आणि नाटक भांडणावर जातं. वर्ग खूश होतो.

चूक कुठे झाली ते त्यांनाच शोधायला लावते. ‘का’ हा प्रश्न पोलिसांचा आहे, नातेवाइकांचा आहे, पुढे कधीतरी मानसोपचाराच्या डॉक्टरांचा आहे. गाडीवरच्या माणसाचा नाही. आपले प्रश्न साधे: काय, किती, कधी, सोबत आणखी काय, त्यानंतर कुणी काय पाजलं. "मावशी, बाटली कुठे आहे?" हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात आरोप नाही. बाटली घरात आहे एवढंच तो धरून चालतो. त्या प्रश्नावर बायका नकळत मान वळवून बाटलीच्या दिशेनं बघतात. आणि ‘कधी’ला घड्याळाचं उत्तर मिळत नाही, तेव्हा उलटं विचारायचं: शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं? चहाच्या आधी की नंतर? लाइट गेली होती का तेव्हा? मालिका चालू होती का?

बाटली मिळाली तर ती पिशवीत घालून पेशंटसोबत न्यायची. कीटकनाशकाच्या लेबलवर खालच्या त्रिकोणात लाल, पिवळा, निळा नाहीतर हिरवा रंग असतो, विषारीपणाच्या चार पायऱ्या दाखवणारा. मुलं हे पटकन पाठ करतात आणि मग हिरवा दिसला की निर्धास्त होतात. म्हणून लगेच पुढचं सांगते: रंगावरून घाई करा, पण रंगावरून निवांत होऊ नका. लेबलवर घटकाचं नाव असतं, उताऱ्याचा उल्लेख असतो, अक्षर इतकं बारीक की भिंग घ्यावं. मोबाइलनं फोटो काढून मोठा करून वाचायचा. आणि हेही लक्षात ठेवायचं, की औषध दुकानातून सुट्टं आणून थंड पेयाच्या बाटलीत भरलेलं असतं. ती बाटली फ्रीजजवळ ठेवलेली असते आणि घरात चार वर्षांचं पोर असतं.

सासू खोटं का बोलते? ‘पोलीस केस होईल’ म्हणून. ती भीती निराधार नाही, दवाखान्यात एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, नोंदली जाते आणि पोलिसांना कळवलं जातं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं असतं, आणि जुन्या दंड संहितेतलं, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं ३०९ कलम तिला लावायचं नव्हतं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात तर ते कलम या रूपात उरलेलंच नाही. गावातल्या कुणाला हे ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर कॅज्युअल्टीतल्या अनेकांनाही नसतं. मुलांनी एवढंच म्हणायचं: "आम्ही पोलीस नाही ताई. काय घेतलं ते कळलं तर औषध बरोबर देता येतं." घरच्यांना बाजूला घेऊन एकदा, आणि पेशंट शुद्धीवर असेल तर गाडीचं दार लागल्यावर तिला एकटीला पुन्हा एकदा. दोन्ही उत्तरं जुळतीलच असं नाही. न जुळली तर दोन्ही लिहायची.

गाडीत तिच्याशी काय बोलायचं, यावर वर्गात सगळ्यात जास्त अवघडलेपण असतं. बरीच मुलं उपदेश करतात. आईबापाचा विचार केला नाहीस का, लेकराकडे बघ. काही जण हसतात, मागच्या बाकावरून "नाटक असतं मॅडम, थोडंसंच घेतात" असंही येतं. त्यावर मी रागावत नाही, मी आकडा विचारते: थोडंसं म्हणजे किती मिलिलिटर, तुला कसं कळलं, आणि त्याला किती पुरतं? उत्तर नसतं. मनात काय होतं हे मात्रेवरून कळत नाही आणि मात्रा काय होती हे तोंडावरून कळत नाही. मग सरळ विचारायला शिकवते: "जगू नये असं वाटत होतं का? आता वाटतंय का?" मुलांना वाटतं, असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल. तसं होत नाही. उलट कुणीतरी स्पष्ट विचारलं याचा अनेकांना सुटकाराच वाटतो. तिनं मान हलवली तर तेवढंच दवाखान्यात सांगायचं, जसं ब्लडप्रेशर सांगतो तसं. सोबत १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, क्रमांक घरच्यांच्या फोनमध्ये लिहून द्यायचा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येतं.

सगळी विषबाधा अशी नसते, हे मात्र मला दर वर्षी वर्गातूनच कुणीतरी आठवून देतं. एकदा वणीकडची एक मुलगी म्हणाली, "फवारून आले की बाबा डोकं धरूनच बसतात जी. आम्हाले वाटे ऊन लागलं." २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, वीसहून अधिक दगावले. कपाशी त्या वर्षी माणसाच्या उंचीला गेलेली, फवारा जोरदार पंपाचा, दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली, तोंडाला फार तर रुमाल. यांपैकी कुणी काही प्यायलं नव्हतं, त्यामुळे "काय घेतलं?" या प्रश्नाला त्यांचं प्रामाणिक उत्तर "काही नाही" असंच येणार. शेतातून आलेल्या माणसाला "आज काय काम केलं, काल काय केलं, कुठल्या पंपानं" असं विचारावं लागतं. त्या मुलीनं नंतर फोनवरून वडिलांना अंघोळ, कपडे, वाऱ्याची दिशा असं सगळं समजावलं आणि मग मला विचारलं, "पण मॅडम, सुरक्षेचं किट घालून ऑक्टोबरच्या उन्हात फवारता येतं का?" माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं आणि ते औषधशास्त्राच्या पुस्तकातही नाही.

बाटली नसलेली विषं शिकवायला अवघड. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला पोरगा पहाटे पोट दुखतंय, घसा दुखतोय म्हणून उठतो. दात लागल्याची खूण दिसत नाही, सूज नाही. सकाळपर्यंत पापण्या जड होतात, आणि तोवर घरच्यांनी ओवा देऊन झालेला असतो. हा मण्यार. नाग, घोणस, फुरसं चावलं तर निदान चावल्याचं कळतं. मण्यार रात्री चोरपावलानं येतो आणि श्वासाचे स्नायू लुळे करतो. "रात्री कुठे झोपला होतास? खाली की खाटेवर?" हा प्रश्न पोटदुखीच्या पेशंटला विचारायला मुलं विसरू नयेत म्हणून मी तो परीक्षेत घालतेच. कोकणातल्या मुलांना विंचवाचं वेगळं सांगायला लागत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं. त्याआधी तिथे विंचू चावून हृदय निकामी होऊन माणसं जात होती. ब्लडप्रेशरची साधी गोळी, तालुक्याच्या गावातला डॉक्टर, पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून केलेली निरीक्षणं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा माझ्या वर्गातल्या रायगडच्या मुलांनी पेढे वाटले, मला दोन मिळाले.

आणि दारू. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरहून जास्त माणसं गेली. अशा दारूत असलेल्या मिथेनॉलचं वैशिष्ट्य असं, की प्यायल्यावर लगेच काही होत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड व्हायला वेळ लागतो, बारा तास, कधी चोवीस. मग धूसर दिसायला लागतं, श्वास धापा टाकल्यासारखा वाढतो. तोवर बाकीचे दोस्त घरी जाऊन झोपलेले असतात. इथला सगळ्यात मोलाचा प्रश्न पेशंटबद्दलचा नाहीच: "तुझ्यासोबत आणखी कोण बसलं होतं?" त्या उत्तरावर दुसऱ्या चार घरांची दारं वेळेत ठोठावता येतात. घरात सगळ्यांना एकदम उलट्या होत असतील आणि कालच कुणी ढेकणांसाठी फवारणी केली असेल किंवा धान्यात गोळ्या टाकून खोली बंद केली असेल, तर आधी आपणच बाहेर या, दारं-खिडक्या उघडा, मग माणसं बाहेर काढा. तिथे विचारत बसू नये.

घरगुती उपायांवर मी फार वेळ घालवत नाही, पण एकावर घालवते: मिठाचं पाणी. गावागावांत अजून ते पाजतात, बादलीभर, ओकारी येईपर्यंत. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला उलटी झाली की ती फुप्फुसात जाते, आणि मिठानं रक्तातलं सोडियम वाढून वेगळंच संकट उभं राहतं. रॉकेल प्यायलेल्या पोराला तर ओकवणं म्हणजे त्याच्या छातीत रॉकेल ढकलणं. पूर्वी अमेरिकेतही घराघरांत उलटीचं सिरप ठेवायचे, तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००३ साली ते बंद करायला सांगितलं. म्हणजे गावातल्या आजीला हसायचं कारण नाही, डॉक्टरांनीही उशीर लावला. आजीला विचारायचं ते एवढंच, की किती पाजलं. चंद्रज्योतीच्या बिया खाऊन अख्खी चौथी ‘ब’ ओकत असते तेव्हा मास्तरांनीही आधीच मीठपाणी पाजून ठेवलेलं असतं. ही पोरं बहुधा सलाईनवर बरी होतात. धोतऱ्यानं मात्र घरचे जास्त घाबरतात: तोंड कोरडं, बाहुल्या विस्फारलेल्या, अंग तापलेलं, पोरगं नसलेल्या माणसांशी बोलतंय. अंगात आलं म्हणून आधी भगताकडे नेलेलं असतं. ओपीच्या अगदी उलटं चित्र, म्हणून ही दोन्ही मी लागोपाठ शिकवते.

सगळ्यात फसवा पेशंट तो, ज्याला काहीच होत नाही. परीक्षेचा निकाल लागलाय, मुलीनं तापाच्या गोळ्या घेतल्यात, दोनदा उलटी झाली, आता ती टीव्ही बघतेय. वडील म्हणतात, "उगाच कशाला न्यायचं, बरी आहे ती." पॅरासिटामॉलनं लिव्हरला होणारी इजा पहिल्या दिवशी जवळजवळ दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येते. आणि याच विषावर उतारा उत्तम आहे; आठ तासांच्या आत सुरू केला तर लिव्हर जवळजवळ खात्रीनं वाचतं. वडिलांना समजावून तिला गाडीत बसवणं हे इथलं कौशल्य. मुलांना याचा सराव सासूच्या नाटकापेक्षा कठीण जातो, कारण वडील सभ्यपणे बोलतात. ते चहा विचारतात. शंका असेल तर गाडीतूनच दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राला, १८०० ११६ ११७ वर, फोन लावता येतो हे मी इथे सांगते.

ओपीचा पेशंटही दुसऱ्या दिवशी असाच बरा दिसतो. बोलतो, चहा मागतो, नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. १९८७ साली श्रीलंकेतल्या दोन डॉक्टरांनी नोंदवलं, की एक ते चार दिवसांच्या दरम्यान अशा माणसांची मान, दंड आणि मग श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडू शकतात. एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पेशंट हलवायचं काम माझ्या मुलांना पुढे कायम करावं लागणार आहे, म्हणून ही तपासणी त्यांनी करायचीच: "काका, उशीवरून डोकं उचलून दाखवा." उचललं तर ठीक. नाही उचललं तर ती फेरी साधी नाही, अँब्यू बॅग हाताशी घेऊनच निघायचं.

त्याच श्रीलंकेनं १९९० च्या दशकात सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. शेतीचं उत्पादन त्यामुळे घटलं असं काही दिसलं नाही. हे मी अभ्यासक्रमात नसताना सांगते. इतक्या ॲम्प्यूल फोडायला शिकणाऱ्या मुलांना, कपाटातली बाटली बदलूनही माणसं वाचतात हे कळायला हवं.

यंदा एका मुलानं विचारलं, "तोच पेशंट महिन्यानं पुन्हा आला तर काय करायचं मॅडम?" तेच करायचं, छाती ऐकायची, बाटली शोधायची, हे मी सांगितलं. पण तो विचारत होता ते वेगळंच होतं. मधल्या महिन्यात कुणी काय केलं, हे त्याला हवं होतं. मग मी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातल्या समाजसेविका ताईंना एका तासासाठी बोलावलं. वेळापत्रकात जागा नव्हती, म्हणून शनिवारी दुपारी ठेवलं, हजेरी न घेता. त्या आल्या, त्यांनी पेशंटच्या घरी गेल्यावर पहिली पाच मिनिटं काय बोलतात तेवढंच करून दाखवलं. सासू मीच झाले. त्यांनी माझ्याकडे बाटलीही मागितली नाही आणि कारणही विचारलं नाही. पायरीवर शेजारी बसल्या आणि यंदा कपाशीला भाव काय मिळाला ते विचारलं. पुढच्या सत्रापासून तो तास अधिकृतपणे लावावा असा अर्ज मी दिला आहे. कार्यालयाचं म्हणणं, विषय औषधशास्त्राचा की समाजशास्त्राचा हे आधी ठरवा.